महिपतीची मावशी

तुंगार्लीच्या तळ्याकडे जाणाऱ्या चढावर उजव्या हाताला एक पिवळा बंगला आहे. मालक मुंबईला राहतो, बंगला महिपती सांभाळतो. पाटीवर नाव मालकाचं असलं, तरी आलेल्या माणसाला आत घ्यायचं की फाटकावरूनच वाटेला लावायचं हे वीस वर्षं महिपतीच ठरवत आला आहे. आणि ते तो अशा बारकाईनं ठरवतो, की एखाद्या फौजदारानं येऊन शिकून घ्यावं.

बंगल्यात फक्त फॅमिली चालते. नुसत्या पोरांच्या टोळक्याला लोणावळ्यात स्टॅग म्हणतात, ते चालत नाहीत. लग्न न झालेली जोडपीही चालत नाहीत. म्हणून महिपतीनं नोंदवहीत नाव, पत्ता, आधार यांच्या पुढे स्वतःच्या डोक्यानं एक रकाना आखला : नातं. त्या रकान्यात लोक काय वाटेल ते लिहितात. 'कझिन' तर हमखास, आणि विचारलं की मावस. महिपती मान डोलावतो, कोकम सरबत देतो, मग दोघांतल्या एकाला वरची खोली दाखवायला नेतो आणि जिन्यात सहज विचारल्यासारखं विचारतो, "कुठलं हो तुमचं आजोळ?" खाली येऊन दुसऱ्यालाही तेच. मावसभावंडांचं आजोळ एकच असतं, हे चांगल्या शिकल्यासवरलेल्या पोरांच्या लक्षात येत नाही. एक म्हणतं सांगली, दुसरं म्हणतं भुसावळ. सरबताचे ग्लास मोरीत जातात आणि गाडी फाटकाबाहेर.

आता ज्याची नजर अशी, तो स्वतः अगदी सरळ असणार असं आपण धरून चालतो. तिथंच आपलं चुकतं. दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच बंगल्याच्या मागे महिपती राहतो त्या दोन खोल्यांसमोर एक मोटरसायकल लागायची, ती सोमवारी सकाळी निघायची. मोटरसायकल निलेशची. तळेगावजवळ नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे. दूधवाला, माळी, शेजारच्या बंगल्यावरचा वॉचमन, ज्यानं विचारलं त्याला महिपतीचं एकच उत्तर : माझा मावसभाऊ. अशी अकरा वर्षं झाली. निलेश त्याचा मावसभाऊ तर नव्हताच, लांबचा पाहुणाही नव्हता. ते दोघं एकमेकांचे होते, संसार करणारी माणसं असतात तसे. अबोले, भांडणं आणि एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवणं, सगळं धरून.

मावसभाऊच का, याचाही महिपतीनं विचार केला होता. चुलतभाऊ म्हटलं की आडनाव जुळायला हवं. मामेभाऊ म्हटलं तर खांडीच्या त्याच्या चार मामांना निम्मं आंदर मावळ ओळखतं. मावशी मात्र कुठंतरी लांब दिलेली असते, तिची चौकशी कोणी करत नाही. शिवाय महिपतीला मावशी नव्हतीच. त्याची आई धोंडाबाई चार भावांत एकटी. नसलेल्या बाईबद्दल कोण काय विचारणार, हा त्याचा हिशेब.

निलेशला 'मावसभाऊ' हा शब्द कानावरही नको होता. त्याची आई अंबूबाई तो बारावीत असतानाच गेली. पुढे पंचविसाव्या वर्षी त्यानं फलटणला वडिलांसमोर बसून स्वतःबद्दल खरं सांगितलं, आणि त्या दिवसापासून त्याला ते घर बंद झालं. खरं बोलण्यापायी एवढं घालवलेल्या माणसाला दर शुक्रवारी कोणाचा तरी मावसभाऊ व्हावं लागत होतं. दिवाळीला आणि भातकापणीला तो महिपतीच्या गावी जाई, तिथं 'कंपनीतला मित्र' म्हणून. धोंडाबाईला तो काकी म्हणे. गावातली बाकीची पोरं तिला मावशी म्हणत, पण निलेशच्या तोंडून तेवढं निघत नसे.

गेल्या वर्षी कारखान्यानं निलेशला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला स्कॉटलंडला पाठवलं आणि निघण्याआधीच, परत आल्यावर गुजरातेत साणंदच्या नव्या प्लांटला जातोस का, असंही विचारलं. उत्तर परतल्यावर महिनाअखेर द्यायचं होतं. निलेशनं ट्रेनिंगच्या शेवटी आठ दिवसांची रजा जोडली आणि महिपतीला म्हणाला, तू ये, आपण एडिंबरा बघू. महिपती त्याला एडिनबर्ग म्हणत होता. निलेशनं सांगितलं, लिहायचं बर्ग, पण म्हणायचं बरा. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, अशा गावात आपलं जमेल असं महिपतीला वाटलं, आणि तसं तो बोललाही. निलेश हसला नाही.

"तिथं तुला कुत्रं ओळखत नाही," निलेश म्हणाला. "आठ दिवसांत एकदा, एका माणसाला सांग मी तुझा कोण ते. एकालाच. तिथंही जमलं नाही तर मी साणंदला जातो. तू बस तुझा रकाना भरत."

महिपती हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं.

एडिंबरा त्याला पहिल्या नजरेला ओळखीचंच वाटलं. काळ्या कातळावर किल्ला, खाली उतरणारी लांब उताराची पेठ, आणि मध्येच धुकं येऊन सगळं पुसून टाकणार. लोणावळाच, फक्त मक्याचं कणीस कुठं भाजत नव्हतं. पण लगेच त्याची नजर कामाला लागली. एका पुस्तकांच्या दुकानाच्या काचेत रंगीत पट्ट्यांचा झेंडा होता. निलेश म्हणाला, बघ, आपल्यासाठी आहे तो. महिपतीला संशय आला की ही युक्ती असावी. झेंडा बघायला कोण कोण थांबतं ते आतून कोणीतरी टिपून घेत असणार. तो स्वतः दुकानात असता तर त्यानं तेच केलं असतं. पुढे दोन म्हातारे पुरुष हातात हात घालून चालले होते. महिपतीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांच्याकडे कोण बघतंय ते पाहिलं. कोणीच बघत नव्हतं, हे तर त्याला जास्तच खटकलं.

गेस्ट हाऊसचा मालक साठीचा, लाल गालांचा, चष्मा कपाळावर चढवलेला. बुकिंग निलेशनं केलं होतं. मालकानं वही उघडली आणि विचारलं, एक मोठा पलंग असलेली खोली आहे, बरोबर ना? झालं. महिपतीला समोर वही दिसली आणि वहीमागे चष्म्यातून बघणारा माणूस दिसला. हा प्रश्न त्यानं वीस वर्षं स्वतः विचारला होता, आणि त्यामागे काय असतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंडातून निघून गेलं, कझिन ब्रदर आहे, दोन पलंग द्या. मालकानं खांदे उडवले, चावी बदलली आणि माळ्यावरची, उतरत्या छपराची, दोन अरुंद पलंगांची खोली दिली. वर गेल्यावर निलेशनं दोन पलंगांमधल्या टेबलावर स्वतःचं घड्याळ काढून ठेवलं आणि "एक दिवस गेला" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी किल्ला. वर तटावर दुपारी एकला तोफ डागतात, ती बघायला गर्दी जमली होती. तोफ वाजली तसा महिपती दचकला आणि त्यानं निलेशचा हात धरला. धरला तो धरलाच. दोन-तीन मिनिटं तरी सोडला नसेल. निलेशच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा बरं वाटल्याचं दिसलं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बाई, धोंडाबाईचा महिपती ना तू?"

मागे रजनीबाई उभ्या होत्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, वर मुलीचा जाडजूड कोट, पायात पांढरे बूट. महिपती तिसरी-चौथीत असताना त्याच्या गावच्या शाळेत या बाई होत्या. एसटी दिवसातून एकदा येई, म्हणून त्यांनी धोंडाबाईच्याच पडवीतली खोली घेतली होती, आणि बदली होईपर्यंत चांगली नऊ वर्षं तिथं राहिल्या होत्या. आता निवृत्त होऊन तळेगावला असतात. मुलगी कौमुदी इथं इस्पितळात नोकरीला, तिच्याकडे महिन्याभरासाठी आल्या होत्या. अख्ख्या स्कॉटलंडात महिपतीला ओळखणारं एक माणूस होतं, आणि ते तोफ बघायला आलं होतं.

महिपतीनं हात सोडला. नमस्कार केला. आणि बाईंनी निलेशकडे पाहून भुवया उंचावल्याबरोबर त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "हा माझा मावसभाऊ."

चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई ती. निलेशकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही आजोळ खांडीच की."

जिन्यातला महिपतीचा प्रश्न, त्याच्याच आवाजात विचारावा तसा. त्यानं निलेशकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. निलेशनं त्याच्या डोळ्यांत बघत शांतपणे उत्तर दिलं, "नाही बाई. माझं घरही फलटण, आजोळही फलटण."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ महिपती पुढे चोवीस तास लावत बसला. बाईंनी दोघांना दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बोलावलं, पत्ता लिहून दिला, आणि जाता जाता म्हणाल्या की आज धोंडाबाईला फोन करते, तिला बरं वाटेल तुम्ही भेटलात म्हणून.

किल्ल्यावरून खाली उतरेपर्यंत महिपतीनं सगळं रचलं. बाई फोन करणार. तुझ्या बहिणीचा मुलगा भेटला म्हणणार. आई म्हणणार, कुठली बहीण? मग बाई सांगणार, हात धरला होता दोघांनी. जेवणाचं आमंत्रण म्हणजे चौकशी आहे, सरबतासारखी. आपण आधी आईला फोन लावलेला बरा.

"आणि काय सांगशील?" निलेशनं विचारलं. "संध्याकाळपर्यंत एक बहीण पैदा कर म्हणशील?"

महिपतीनं तरी लावला. आंदर मावळात संध्याकाळचे सात वाजले असणार. रेंज मिळावी म्हणून धोंडाबाई अशा वेळी देवळाच्या कट्ट्यावर येऊन बसते, हे त्याला माहीत होतं. फोन बिझी लागला. पाच मिनिटांनी पुन्हा बिझी. दहा मिनिटांनी बिझी. सत्तरीच्या बाईशी वीस-वीस मिनिटं कोण बोलतंय, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पंचविसाव्या मिनिटाला फोन बंदच झाला, चार्जिंग संपलं असणार. महिपती एका चर्चच्या पायरीवर बसला. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला आपलं सगळं कळलं आहे असं त्याला वाटत होतं. निलेश त्याच्या शेजारी बसला नाही. चार पायऱ्या खाली उभा राहून तो फोनमध्ये काहीतरी वाचत होता. महिपतीनं मान लांब करून पाहिलं. साणंदचं पत्र होतं.

त्या रात्री दोघं दोन पलंगांवर झोपले, आणि सकाळी न्याहारीला खाली आले. महिपती माणसं ओळखण्यात पटाईत, पण आपल्या समोरचा माणूस निघाला आहे हे त्याला त्या टेबलावर, टोस्टला लोणी लावताना कळलं. निलेश रागावलेला नव्हता. रागावलेला निलेश त्याला पाठ होता. हा निलेश वाट बघून दमला होता. महिपतीला रडू आल्यासारखं झालं, आणि भीती वाटली. ही भीती आईला कळण्याची नव्हती, तिच्याहून मोठी होती.

कौमुदीचं घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात महिपती निलेशच्या पुढे गेला. दार रजनीबाईंनीच उघडलं. आतून फोडणीचा वास आला. महिपतीनं बूटसुद्धा काढले नाहीत. उंबऱ्यावर उभा राहून, शाळेत पाढा म्हणावा तसा, भिंतीकडे बघत तो म्हणाला, "बाई, मला मावशी नाही. हा निलेश. माझा माणूस आहे. अकरा वर्षं झाली."

निलेश त्याच्या मागे पायरीवरच थांबला होता.

"माहितेय," बाई म्हणाल्या. "बूट काढा, भात निवतोय."

जेवताना काही विचारणं झालं नाही. वरणभात, बटाट्याची भाजी, कौमुदीनं आणलेलं आंब्याचं लोणचं. निलेशनं आपणहून साणंदचं सांगितलं, जायचं की नाही ते महिनाअखेर कळवायचंय म्हणाला. महिपती घासाघासाला प्रश्नाची वाट बघत होता, इतकी की कौमुदीनं मीठ हवं का विचारलं तरी तो सावरून बसला. ताक वाढताना बाईंनी स्वतःच विषय काढला. आपण काल फोन केला होता, आणि शिक्षकाची खोड, विचारल्याशिवाय राहवलं नाही, असं त्या म्हणाल्या.

"मी तिला म्हटलं, धोंडाबाई, नऊ वर्षं तुझ्या घरात काढली मी. तुला बहीण कधी झाली? तर लगेच म्हणाली, 'तुमची बदली झाल्यावं झाली.'"

कौमुदी हसली. महिपतीला हसावं की काय करावं ते कळेना.

"मग मी नाव विचारलं," बाई निलेशकडे वळल्या. आता त्यांचा आवाज हळू झाला. "मला वाटलं अडखळेल. अडखळली नाही. म्हणाली, 'अंबूबाई. ती बिचारी गेली लवकर. तिचं लेकरू हाय आमच्याकडं.'"

निलेशनं ताकाची वाटी खाली ठेवली. उठला, स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून, धुतलेलीच ताटं पुन्हा धुवायला लागला. फलटणच्या त्या घरात पंधरा वर्षं त्याच्यासमोर कोणी त्याच्या आईचं नाव घेतलं नव्हतं. घरात त्याला कोणी घेतच नव्हतं, तर नाव कोण घेणार? बराच वेळ नळ चालू राहिला. कौमुदी उठायला लागली तर बाईंनी तिचा हात धरून तिला बसवलं. महिपती आत गेला आणि निलेशशेजारी उभा राहून एकेक ताट पुसत राहिला.

परतताना बसमध्ये निलेशनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पितृपक्षात तो चुकून गावी गेला होता. धोंडाबाई अंगणात पानं मांडत होती. तिनं विचारलं होतं, तुज्या आईला पान कोन दावतं? कोणी नाही, म्हटल्यावर तिनं नाव विचारून घेतलं आणि एक पान वाढवलं. निलेशला वाटलं होतं, म्हातारी माणसं विचारतात तसं विचारलं. महिपती त्या दिवशी त्याच अंगणात होता. जगाच्या आजोळांचा पत्ता काढणाऱ्या महिपतीला आपल्याच अंगणातलं जास्तीचं पान दिसलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं गेस्ट हाऊसच्या मालकाला गाठलं आणि आपल्या बंगल्याच्या इंग्रजीत सांगितलं की परवा चूक झाली, हा कझिन नाही, हा माझा जोडीदार. मालकानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, वही चाळली आणि खेदानं म्हणाला की ती मोठी खोली आता शुक्रवारपर्यंत दुसऱ्यांना गेली. बाकी त्याला काही म्हणायचं नव्हतं. महिपतीनं त्याचा चेहरा नीट निरखला. खोली गेल्याचं वाईट वाटण्यापलीकडे त्यात खरंच काही नव्हतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी दोघं गावी गेले. भात पोटरीला आला होता. धोंडाबाई ओट्यावर कडवे वाल सोलत बसली होती, तिनं दोघांनाही एकदा वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. थंडी लय व्हती का तितं, खायला मिळालं का, असं विचारून झालं. स्वेटर आणला होता तो तिनं बाजूला ठेवला. रजनीबाईंच्या फोनचा विषय तिनंही काढला नाही, महिपतीनंही नाही. एवढ्यात शेजारचा हौशीराम विळा परत करायला आला, ओट्यावर टेकला आणि निलेशकडे बोट करून म्हणाला, ह्ये पाव्हनं कोन, सारखं दिसत्यात.

महिपतीनं तोंड उघडलं. त्याला आता काय म्हणायचं ते ठाऊक होतं, आणि तो म्हणालाही असता. पण धोंडाबाईनं वालाची शेंग मोडली आणि त्याच्या आधी बोलली.

"माज्या बहिणीचा हाय. थोरला ह्यो, धाकला त्यो. दोगं बी माजीच."

हौशीरामनं विळा ठेवला, पानाची पिचकारी अंगणाबाहेर टाकली आणि गेला. महिपतीनं चोरून निलेशकडे पाहिलं. म्हणजे पुन्हा मावसभाऊच, तोच शब्द ज्यापायी निलेश साणंदला निघाला होता. निलेश हलक्या आवाजात म्हणाला, "तुझ्या तोंडून नको होता. तिच्या तोंडून चालेल."

"काय पुटपुटताय?" धोंडाबाईनं विचारलं. मग हातातल्या शेंगेकडेच बघत ती निलेशला म्हणाली, "रजनीबाई सांगत व्हत्या, तू कुटं गुजरातला निगालास म्हनं. जानार हाईस?"

महिपती थांबला. सोललेला वाल त्याच्या चिमटीतच राहिला. महिना संपायला तीन दिवस होते, आणि निलेशनं अजून त्याला काही सांगितलं नव्हतं.

निलेशनं सुपातल्या मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"न्हाई, मावशी," तो म्हणाला. "न्हाई जात."